घर तेच, जळण कमी

आष्ट्याच्या कोणत्याही गल्लीत दिवस मावळताना जरा उभे राहून पाहावे. एका घरात चूल पेटलेली असते आणि धूर कौलांतून बाहेर पडत असतो. शेजारच्या घरात स्लॅबवरची टाकी भरून वाहते आहे, पण खाली मोटार चालूच आहे. तिसऱ्या घरात माणसे अंगणात बसली आहेत आणि आत रिकाम्या खोलीत पंखा फिरतो आहे. गोठ्यात पिवळा दिवा लागला आहे, तो सकाळपर्यंत तसाच राहणार.

यात कुणी उधळ्या माणूस नाही. सगळी कष्टाची माणसे आहेत. पण त्यांच्या कष्टाचा पैसा धुरातून, पाण्यातून आणि तारेतून हळूहळू गळतो आहे. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. महिन्याच्या शेवटी बिलाचा कागद येतो, तेव्हाच ती कळते.

नवे घर बांधायचे असले तर चार गोष्टी आधीपासून नीट करता येतात. परंतु नवे घर रोज कोण बांधतो? आहे त्याच घरात जळण कमी कसे लागेल, वीज कमी कशी लागेल, हे आपण या धड्यात पाहू. जळण म्हणजे लाकूड, शेणी, गॅस, वीज सगळेच. वीज हेसुद्धा जळणच आहे. ते दुसरीकडे जळते, एवढाच फरक.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात सासू, सून, मुलगा, दोन नातवंडे. सून साक्षरता वर्गाला जाते. तिने बिल हातात घेतले आहे.

"आत्याबाई, ह्या महिन्यात एकशे सत्तर युनिट पडल्यात."

"पडू दे की. केलंय काय आपण एवढं? दोन पंखं आन् गोठ्यातला दिवा."

"त्येच तर बघायचं हाय. कुठं जात्यात ती युनिटं?"

"युनिट म्हंजी काय गं?"

सासूचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आधी तेच समजून घेऊ.

प्रत्येक दिव्यावर, पंख्यावर, मोटारीवर एक आकडा छापलेला असतो. त्याच्यापुढे 'वॅट' असे लिहिलेले असते, किंवा इंग्रजी डब्ल्यू अक्षर असते. हा आकडा म्हणजे त्या यंत्राची भूक. १००० वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट झाले. १०० वॅटचे यंत्र दहा तास चालले तरी एकच युनिट. म्हणजे भूक किती आणि खाण्याचा वेळ किती, या दोहोंचा गुणाकार करायचा. एवढा हिशेब ज्याला आला, त्याला बिलाची भीती राहत नाही.

सुनेने पाटी घेतली आणि घरभर फिरून आकडे लिहिले.

गोठ्यातला पिवळा दिवा ६० वॅटचा. रात्रभर, म्हणजे दहा तास. रोजचे ६०० वॅट-तास, महिन्याचे १८ युनिट. दोन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, रोज बारा तास. महिन्याचे ५४ युनिट. आंघोळीचे पाणी तापवायची कॉईल १५०० वॅटची, रोज एक तास. महिन्याचे ४५ युनिट. हौदातले पाणी वर चढवणारी मोटार एक अश्वशक्तीची. ती सुमारे १००० वॅट खेचते. रोज एक तास, महिन्याचे ३० युनिट. टीव्ही, मिक्सर, मोबाइल वगैरे मिळून २३. बेरीज करून पाहा, १७० होते.

"बया! त्या कॉईलीनं एवढं खाल्लं?" सासू म्हणाली.

होय. आणि हे नीट ध्यानात घ्यावे, कारण बहुतेक माणसांची समजूत उलटी असते. दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण दिव्याला बोल लावतो. पण जिथे काही तापवायचे असते, तिथे विजेचा खरा खुराक लागतो. कॉईल, गिझर, इस्त्री, विजेची शेगडी ही मंडळी थोडा वेळ चालतात, पण घासभर नव्हे, टोपलीभर खातात.

विजेवर पाणी तापवणे महाग का पडते, याचे कारण दूर आहे. आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशावर होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी इथे कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर चाक फिरवून वीज काढतात. कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतून वीज होते जेमतेम पस्तीस भाग. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाते. मग ती वीज तारांतून शेकडो मैल येते, वाटेत आणखी थोडी जिरते. आणि आपण काय करतो? त्या विजेची पुन्हा उष्णताच करतो! म्हणजे बार्शीला जाऊन ज्वारी विकायची आणि त्याच पैशाने तीच ज्वारी आष्ट्यात चढ्या भावाने घ्यायची, असा हा व्यवहार झाला.

काही वीज पाण्यावरही होते. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे. तिथले पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे सोडतात. ते उंचावरून पडते, चाके फिरवते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. ते पाणी परत फिरत नाही. जे पाणी पूर्वेला सुटते, ते कराडला कृष्णेत येते आणि आपल्या वाळवे तालुक्यातून वाहत पुढे जाते. दोन्हीची गरज आहे. पण कळ दाबताना आपण कोळसा तरी जाळतो किंवा धरणातले पाणी तरी सोडतो, एवढे माहीत असलेले बरे.

मग पाणी तापवायचे कशावर?

आपल्याकडे तांब्याचा बंब असतो. पुष्कळांनी तो माळ्यावर टाकला किंवा मोडीत घातला. आमच्या मते घाई केली. बंबाची रचना पाहा. मधोमध नळी असते, नळीत विस्तव असतो आणि विस्तवाभोवती सगळीकडून पाणी असते. उष्णतेला पाण्याखेरीज जायला वाटच कमी. हे फार शहाणपणाचे काम आहे. वाळलेली पाने, करवंट्या, तुराट्या, काटक्या यांवर तो चालतो. मात्र बंब उघड्यावर किंवा पडवीच्या कडेला ठेवावा. बंद न्हाणीत कधीही पेटवू नये. विस्तवातून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणूस झोपल्यासारखा होऊन मरतो.

ज्यांना जमेल त्यांनी स्लॅबवर उन्हाचा बंब बसवावा. त्यालाच सोलर म्हणतात. चार माणसांच्या घराला शंभर लिटरचा पुरतो. एकदा पैसे घालावे लागतात, पण ऊन फुकट आहे आणि आष्ट्याला उन्हाचा दुष्काळ नाही. पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर तो वर्षभर पाणी देतो.

कॉईलच वापरायची झाली तर एक नियम काटेकोर पाळावा. बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नये. लोखंडी बादली वापरू नये. लहान मूल न्हाणीत असताना कॉईल लावू नये. पाणी कितपत तापले हे पाहायला म्हणून हात घातला आणि जीव गेला, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात.

आता चुलीकडे वळू. गॅस आला तरी आपल्याकडे चूल विझलेली नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर गेले. पण भाकरी, जनावरांची आंबोण, पाहुण्यांचा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. त्यात लाज नाही. पण चूल कशी आहे ते पाहावे.

ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला हे पटकन समजेल. गुळव्या चुलवाणावर फार लक्ष ठेवतो. चुलवाण नीट बांधलेले असेल तर उसाची वाळलेली चिपाडेच जळणाला पुरतात. चुलवाण बिघडले, भेगा पडल्या, हवा वाटेल तिथून शिरू लागली की चिपाडे पुरत नाहीत आणि बाहेरून जळण आणावे लागते. ऊस तोच, काहील तीच, पण नफा धुराड्यातून जातो. घरची चूल हे लहान चुलवाणच आहे. साध्या तीन दगडांच्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले दहा-पंधरा भाग भांड्याला लागतात. बाकीचे भिंतीला, वाऱ्याला आणि बाईच्या डोळ्यांना.

निर्धूर चूल यासाठीच निघाली. तिला दोन वैले असतात आणि मागे धुराडे. पहिल्या वैलावरून वाया जाणारी उष्णता दुसऱ्यावर डाळ शिजवते आणि धूर छपराबाहेर जातो. सरकारने १९८० च्या दशकात अशा चुली गावोगाव वाटल्या. पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या. का? धुराडे कुणी झाडले नाही. काजळीने नळी बुजली आणि धूर पुन्हा घरात आला. बाई म्हणाली, नवी चूल वाईट. चूल वाईट नव्हती, तिचे धुराडे महिन्यातून एकदा झाडायचे असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आम्ही सांगतो आहोत.

धुराची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बाया आणि लहान मुले अधिक. सासूबाईंचा वर्षानुवर्षांचा खोकला हा म्हातारपणाचाच असतो असे नाही.

चूल बदलणे आजच जमत नसेल तर निदान जळण वाळवून घ्यावे. ओले लाकूड आधी आपल्यातले पाणी उकळते, मग तुमचे. तितकी उष्णता फुकट जाते आणि धूर दुप्पट होतो. भांड्यावर झाकण ठेवावे. डाळ आणि कडधान्य आधी भिजवावे. गॅसवरसुद्धा हेच. चार-पाच जनावरे आणि अंगणात जागा असेल त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा. शेण जाते कुठे? खत म्हणून पुन्हा रानातच येते.

आता पंखा. इथे एक गंमत आहे. पंखा जास्त का लागतो? घर तापते म्हणून. घर का तापते? छपरामुळे. तेव्हा पंख्याचा इलाज छपरावर आहे.

आपली जुनी घरे जाड मातीच्या भिंतींची आणि कौलांची होती. भिंत दिवसभर ऊन पिऊन घेई आणि आत गारवा राही. आता स्लॅब आला, पत्रा आला. स्लॅब मजबूत आहे, गळत नाही, उंदीर-घुशींचा त्रास कमी. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी उष्णता खाली सोडतो, म्हणून मध्यरात्रीपर्यंत खोली भट्टीसारखी राहते. पत्र्याचे तर बोलायलाच नको.

यावर स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. काळी घोंगडी उन्हात ठेवली तर हात लावत नाही, पांढरे धोतर मात्र तितके तापत नाही. तसेच छपराचे. फाल्गुनात स्लॅब झाडून, भेगा बुजवून वर चुन्याचे दोन हात द्यावेत. ऊन बरेचसे परत फिरते आणि खोली दोन-तीन अंशांनी तरी गार राहते. अहमदाबाद शहरात गरीब वस्त्यांमधल्या हजारो छपरांना असा पांढरा रंग दिला गेला आहे. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून तो दर वर्षी द्यावा लागतो. टिकाऊ रंगही मिळतो, पण महाग. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा प्लायचे आतले छत करून मध्ये वीतभर हवा मोकळी ठेवावी. मावळतीच्या अंगाला शेवगा किंवा कडुनिंब लावावा. दुपारचे तिरके ऊन भिंतीवर पडत नाही. कौलारू स्वयंपाकघर असेल तर एक-दोन कौले काढून तिथे काचेची कौले बसवावीत, म्हणजे दिवसा दिवा लावायला नको.

एवढे झाल्यावर मग पंख्याकडे पाहावे. जुना पंखा ७५ वॅट खातो. आता २८-३० वॅटचे पंखे मिळतात आणि वारा तेवढाच देतात. दुकानात 'बीएलडीसी पंखा' म्हणून मागावा. किंमत जास्त आहे. म्हणून जो पंखा सर्वांत जास्त तास चालतो, तो आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

दिव्याचे काम सर्वांत सोपे. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याचा उजेड आता ९ वॅटच्या एलईडी दिव्यात मिळतो. २०१५ साली केंद्र सरकारने उजाला योजना काढली आणि देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. त्यामुळे दिव्यांची किंमतही खाली आली. घरात पुढच्या खोलीत आता बहुतेकांचा एलईडी असतो. पिवळा दिवा लपून राहतो तो गोठ्यात, न्हाणीत आणि संडासात. नेमका तोच रात्रभर जळतो!

यंत्र विकत घेताना त्यावरची चांदण्यांची पट्टी वाचावी. ही पट्टी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो या सरकारी संस्थेची असते. ही पद्धत २००६ साली सुरू झाली. चांदण्या जितक्या जास्त, तितकी भूक कमी. पण पट्टीवरचे सालही पाहावे. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालाच्या पाच चांदण्या आणि नव्या सालाच्या पाच चांदण्या सारख्या नसतात. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

मोटारीचे दुखणे बहुधा मोटारीत नसते, नळ्यांत असते. खाली फुटबॉल गळत असेल तर पाणी उतरते आणि मोटार नुसती फिरत राहते. नळी बारीक घेतली, चार ठिकाणी काटकोनात वळवली, की पाणी रखडते आणि वेळ वाढतो. आणि टाकी वाहून गेली तर ते पाणी वर चढवलेली वीजही वाहून गेली. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारे साधन मिळते, ते फार महाग नसते. थेंब थेंब गळणारा एक नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. ते पाणी पुन्हा मोटारीनेच चढवावे लागते.

आता पाहा, नळ दुरुस्त केला की मोटार कमी चालते. छपराला चुना दिला की पंखा कमी चालतो. घरातल्या गोष्टी अशा एकमेकींच्या हातात हात घालून असतात. म्हणून काम कोणत्या क्रमाने करावे याला फार महत्त्व आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एक १०२ मजली इमारत आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंग तिचे नाव. ती १९३१ साली उघडली. जगात तिचे केवढे नाव, पण वीज-इंधनाचा खर्चही तेवढाच. २००९ च्या सुमाराला मालकांनी ठरवले की इमारत तीच ठेवून खर्च खाली आणायचा. त्यांच्यापुढे पहिला विचार गार हवेची मोठी यंत्रे बदलण्याचा होता. कोट्यवधींचे काम. पण तज्ज्ञांनी सांगितले, थांबा, आधी खिडक्या पाहा. इमारतीला ६५१४ खिडक्या होत्या. त्यांच्या काचा काढल्या, पाचव्या मजल्यावर छोटा कारखानाच मांडला आणि दोन काचांमध्ये पातळ पडदा घालून, वायू भरून त्या पुन्हा बसवल्या. भिंतीकडच्या तापवायच्या नळ्यांमागे चकचकीत पत्रे लावले, म्हणजे उष्णता भिंतीत न जाता खोलीत यावी. एवढे केल्यावर मोठ्या नव्या यंत्रांची गरजच उरली नाही. जुनी यंत्रे दुरुस्त करून भागले. ऊर्जेचा वापर सुमारे ३८ टक्क्यांनी कमी करायचा त्यांचा बेत होता आणि पहिल्याच वर्षी ठरल्यापेक्षा थोडी जास्तच बचत झाली.

१०२ मजल्यांच्या इमारतीत जो क्रम, तोच आष्ट्याच्या तीन खणी घरात. आधी गळती थांबवायची. मग गरज कमी करायची. मग यंत्र बदलायचे. आणि स्वतःची वीज तयार करायची ती सर्वांत शेवटी.

हे शेवटचे मुद्दाम सांगतो, कारण छपरावर सौर पॅनेल बसवण्याची सध्या मोठी हवा आहे. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. योजना चांगली आहे. पण आपल्या सुनेच्या घराचा हिशेब पाहा. गोठ्याचा दिवा बदलून १८ चे ३ युनिट झाले. पंखे बदलून ५४ चे २२. कॉईल बंद, ४५ चे शून्य. मोटार तासाऐवजी चाळीस मिनिटे, ३० चे २०. बाकीचे २३ तसेच. एकूण ६८. एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देते. १७० युनिटांना दोन किलोवॅट घ्यावे लागले असते, आता एकात भागून उरते. आणि पॅनेल घेतलेच नाही, तरी बिल शंभराच्या आत आले. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंतचा दर कमी असतो, त्याच्या पुढच्या युनिटांना बराच चढा दर लागतो. म्हणून वाचलेले युनिट हे नेहमी महागातले युनिट असते.

"मग कॉईल इकून टाकायची व्हय?" सासूने विचारले.

"इकायची कशाला, आत्याबाई? पावसाळ्यात बाळाचं पाणी तापवायला ऱ्हाऊ दे. रोज नगं."

सुनेचे बरोबर आहे.

एक काम मात्र आज रात्रीच करावे. त्याला पैसा लागत नाही. जेवणे झाली की घरातली सगळी बटणे बंद करावीत. टीव्हीची, मोबाइलच्या चार्जरची, फ्रीजची पिनही पाच मिनिटे काढावी. मग विजेचा मीटर पाहावा. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वापरली जात असेल तर तो लुकलुकतो. घरात काहीही चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर कुठेतरी तार उघडी पडली आहे किंवा ओलाव्याने वीज भिंतीत उतरते आहे. अशा भिंतीला पावसाळ्यात हात लावला तर झटका बसतो. आपण स्वतः काही उघडू नये. माहितगार वायरमनला बोलवावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती झाली की वीज तोडणारे बटण बसवून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतावे.